जेटस्की पाण्याबाहेर आल्यावरची वीस मिनिटं

गोव्यात शापोरा नदीच्या काठी, शिवोलीच्या बाजूला माझं पत्र्याचं गॅरेज आहे. घर पलीकडे मोरजीला. बाबांची मासेमारीची होडी होती. संध्याकाळी होडी वर ओढली की ते मागचं मशीन काढायचे, गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करायचे आणि पाच मिनिटं चालू ठेवायचे. पोटात कितीही कावळे ओरडत असले तरी मशिनीला गोडं पाणी मिळाल्याशिवाय आमच्या घरात ताटं वाढली जात नसत. जेटस्कीचं काम मी पुष्कळ पुढे शिकलो, पण त्यातलं निम्मं शिक्षण त्या पिंपापाशीच झालं होतं.

ज्यांनी नुकतीच स्वतःची जेटस्की घेतली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुण्या-कोल्हापूरहून येऊन इकडे घर घेतलेले असतात, किंवा किनाऱ्यावर धंदा सुरू करणारी आपलीच पोरं असतात. माझ्या दारात येणाऱ्या बहुतेक मशिनी अंगणात उभ्या-उभ्या खराब झालेल्या असतात. आदल्या दिवशी मस्त चालली, चार दिवसांनी बटण दाबलं तर हूं की चूं नाही. मालक म्हणतो, "मी तर हातसुद्धा लावला नाही." तेच तर झालेलं असतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. यामाहा आणि कावासाकीच्या जेटस्कीत हेच पाणी पंप खेचून घेतो आणि इंजिन थंड करायला आत फिरवतो. तुम्ही मशीन बंद करता, इंजिन गरम असतं, आतलं पाणी सुकतं आणि मीठ तिथेच बसतं. अॅल्युमिनियमच्या अरुंद वाटांमध्ये त्याचा थर धरतो, खाली धातू खात राहतो. सी-डू कंपनीच्या मशिनीचं जरा वेगळं आहे. तिच्या इंजिनात कारसारखं बंद कूलंट फिरतं, म्हणून काही जण सांगतात की सी-डूला फ्लशिंग (गोड्या पाण्याने आतून धुणं) नको. हे साफ चूक आहे. तिचा एक्झॉस्ट समुद्राच्याच पाण्याने थंड होतो, आणि सुपरचार्जरवाल्या मॉडेलांत इंटरकूलरही (इंजिनात जाणारी दाबलेली हवा थंड करणारा भाग). तिथे मीठ तेवढंच बसतं.

म्हणून मशीन पाण्याबाहेर आली की पहिली वीस मिनिटं तिची. फोटो, शहाळं, गप्पा नंतर.

गोडं पाणी द्यायची रीत

साधा अर्ध्या इंचाचा बागेचा पाइप चालतो. पाइप जोडायची जागा मॉडेलप्रमाणे मागच्या पायरीजवळ, जेटच्या तोंडापाशी किंवा सीटखाली असते. मशीन ट्रॉलीवर सपाट उभी करा, सीट काढा, पाच मिनिटं तशीच ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. नाकाने वास घ्या. पेट्रोलचा वास असेल तर बटणाला हात लावू नका, आधी गळती शोधा.

आता क्रम. पाइप जोडायचा, पण नळ बंद. आधी इंजिन चालू करायचं. मग लगेच नळ सोडायचा. मागून पाण्याची धार पडायला लागली पाहिजे. यामाहाला मी तीन मिनिटं देतो, थ्रॉटल (वेग वाढवायची कळ) न देता. सी-डूला दीडच मिनिट, कारण तिच्या शाफ्टच्या (इंजिनापासून पंपापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) सीलला बाहेरून पाण्याचा गारवा लागतो आणि ट्रॉलीवर तो मिळत नाही. फ्लशिंगचं पाणी त्या सीलपर्यंत पोहोचत नाही. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात जो वेळ दिला असेल तो पाळा.

बंद करताना उलटा क्रम. आधी नळ बंद, इंजिन चालूच. मग थ्रॉटलला दोन-तीन छोटे झटके, मागून उरलेलं पाणी भक्-भक् करून बाहेर पडतं. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत आटपायचं, कारण आता आत थंड करायला पाणी नाही. मग इंजिन बंद.

हा क्रम मी कागदावर लिहून नळाच्या वर चिकटवला आहे, त्याचं कारण सांगतो. माझी पहिली जेटस्की मी सेकंडहँड घेतली होती, साठवलेले सगळे पैसे घालून. पहिल्याच ऑक्टोबरात एका संध्याकाळी पाइप जोडला, नळ सोडला आणि फोन आला म्हणून बाजूला गेलो. इंजिन बंद होतं. पाच-सहा मिनिटांनी येऊन नळ बंद केला आणि म्हटलं, आज एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. "टक्" असा एकच आवाज आला. मी पुन्हा दाबलं. तिथे चुकलो. इंजिन चालू असताना एक्झॉस्टचा दाब पाणी बाहेर ढकलत असतो. इंजिन बंद असेल तर तेच पाणी सायलेन्सरच्या डब्यात भरतं आणि मागे सरकत सरकत सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी काही दाबलं जात नाही. पिस्टन वर यायला बघतो, पाणी जागा सोडत नाही, शेवटी कनेक्टिंग रॉड वाकतो. ते इंजिन मी स्वतःच्या हाताने उघडलं. रॉड बोटाएवढा वाकला होता. त्या वर्षीचा सगळा मोसम गेला.

तुमच्याकडून असं झालंच, नळ आधी सुटला, तर बटण दाबू नका. सगळे स्पार्क प्लग काढा. इग्निशन बंद ठेवून इंजिन फिरवायची पद्धत प्रत्येक कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते, त्या पद्धतीने पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर उडू द्या. तोंड वर धरून वाकून बघू नका, पाणी जोरात येतं. मग ऑइल तपासा.

इंजिन झालं की मागचे ड्रेन प्लग उघडा, ट्रॉलीचं नाक थोडं वर करा आणि इंजिनच्या खणात दोन-तीन तांबे गोडं पाणी हळूच ओता. तळाशी साचलेलं खारं पाणी त्याबरोबर निघून जातं. प्रेशर वॉशर इथे अजिबात वापरू नका. कारच्या सर्व्हिस सेंटरला जेटस्की नेऊन आतून "फोम वॉश" करून आणलेला एक जण माझ्याकडे आला होता. वायरिंगच्या प्रत्येक जोडात पाणी शिरलं होतं. बाहेरून धुवा, जेटच्या तोंडात, रिव्हर्सच्या झडपेवर, स्टीअरिंगच्या केबलवर पाणी मारा. सीट रात्रभर थोडी उघडी राहू दे, वारा लागू दे. सुकल्यावर धातूच्या भागांवर गंजरोधक स्प्रे.

विहिरीचं पाणी चाखून बघा

ही गोष्ट मला कंपनीच्या पुस्तकांत दिसली नाही, पण आपल्या किनाऱ्यावर ती फार महत्त्वाची आहे.

आश्व्याच्या बाजूचे एक गृहस्थ. माणूस इतका शिस्तीचा की फ्लशिंगची वही ठेवलेली, तारीख-वेळेसकट. तरी दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात इंजिन तापायला लागलं, अलार्म वाजायला लागला. मी पाण्याच्या वाटा उघडल्या तर आत पांढरा खरबरीत थर. त्यांना वाटलं, मी काहीतरी दडवतोय. मला वाटलं, ते खोटं सांगतायत. दोघांनाही ते मनाला लागलं. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो, नळाखाली ओंजळ धरली आणि घोटभर पाणी तोंडात घेतलं. मचूळ.

पाणी घरच्या विहिरीचं होतं. पावसाळ्यानंतर ती विहीर गोडी असते, शिमग्यापर्यंत चांगली राहते. मग उपसा वाढतो, पाणी खाली जातं, समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकतं आणि चैत्र-वैशाखात चव बदलते. घरात प्यायला नळाचं पाणी, विहिरीचं फक्त झाडांना आणि धुण्याला, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन महिने ते रोज नेमाने मिठानेच मीठ धूत होते.

तेव्हा मार्च उजाडला की दर आठवड्याला पाणी चाखा. साबण घेऊन हात चोळा, फेस धरत नसेल तर संशय घ्या. मचूळ लागलं की त्या मोसमापुरतं नळाचं किंवा टँकरचं पाणी एका टाकीत साठवा आणि छोट्या पंपाने द्या. एका फ्लशिंगला काही फार पाणी लागत नाही. घराला पाणी कमी आणि मशिनीला कुठून, असं वाटतं, मला कळतं. पण इंजिनाची किंमत मनात आणा.

खाडीत चालवणाऱ्यांचा एक समज असतो की नदीचं पाणी गोडं. शापोरात भरतीचं पाणी शिवोलीच्या पुलापलीकडे आत पोहोचतं. मे महिन्यात तर विचारूच नका. नदीत फिरलात तरी फ्लशिंग तेवढंच.

वाळू

जेटस्कीला पंखा बाहेर नसतो. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, इम्पेलर (पंपातला आतला पंखा) ते मागे फेकतो, त्याने मशीन पुढे जाते. इम्पेलर आणि त्याच्या भोवतीची रिंग यांच्यात फट अगदी बारीक असते. त्या फटीतून वाळू गेली की रिंग घासते, फट वाढते आणि पाण्याची पकड सुटते. लक्षण एकच आहे: इंजिन ओरडतं, आरपीएम चढतो, आणि मशीन जागची सरकत नाही. लोक म्हणतात इंजिनाची ताकद गेली. ताकद असते, ती पाण्यापर्यंत पोहोचत नाही.

आपल्याकडे हे जास्त होतं, कारण किनाऱ्यावरच बटण दाबायची सवय. गिऱ्हाईक घोटाभर पाण्यात चढतं आणि चालवणारा तिथूनच थ्रॉटल देतो. कंपन्या किमान ६० ते ९० सेंटीमीटर पाणी सांगतात. मी सोपं माप सांगतो: कंबर भिजेपर्यंत ढकलत न्या, मगच चालू करा. परत येतानाही कंबरभर पाण्यात इंजिन बंद करून हाताने ओढत आणा. शापोराच्या मुखाशी वाळूचे पट्टे दर पावसाळ्यात जागा बदलतात. गेल्या वर्षीची वाट या वर्षी असेलच असं नाही. सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी एकदा होडीतून किंवा काठाने बघून ठेवा.

महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन पोटाखालच्या जाळीतून आत बघा. इम्पेलरच्या पात्यांची पुढची धार बोटाने तपासा. तिला दातरे पडले असतील किंवा रिंगवर नख अडकेल इतकी चर असेल तर काम निघालं आहे. सी-डूची रिंग प्लॅस्टिकची, बदलता येते, वेळेवर बदलली तर इम्पेलर वाचतो.

हात आत घालण्याआधी मनगटाची दोरीवाली किल्ली काढून खिशात ठेवायची. बाजूला मूल उभं असेल तर जास्तच. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकासमोर करून दाखवतो.

जाळीत काय काय अडकतं? प्लॅस्टिकच्या पिशव्या, शेवाळ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जाळ्याचं नायलॉन. मोसम सुरू झाला की तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे तरंगत असतात. इम्पेलरभोवती ते असं आवळून बसतं की उष्णतेने वितळून एकजीव होतं. ओढू नका. धारदार छोट्या सुरीने एकेक वेढा कापा. शाफ्टजवळ नीट बघा, सीलला पीळ बसला असेल तर तिथून पाणी आत येईल.

ऑइल आणि बाकीचं

चार स्ट्रोकच्या मशिनीत दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा ऑइल आणि फिल्टर. नव्या मशिनीचा पहिला ऑइल-बदल लवकर असतो, तो पुस्तकात बघा. भाड्याने देत असाल तर मी ५० तासांवरच करायला सांगतो, कारण गिऱ्हाईक पहिल्या मिनिटापासून थ्रॉटल पूर्ण दाबतं. जेटस्कीचं ऑइल खालून सोडता येत नाही, खाली सलग पोट आहे. डिपस्टिकच्या नळीतून सक्शन पंपाने ओढून काढतात. पंप स्वस्त मिळतो, घरी ठेवा.

त्याहून महत्त्वाचं, दर आठवड्याला डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसा. मध किंवा काळसर तपकिरी रंग ठीक. दुधाच्या चहासारखा रंग आला तर ऑइलमध्ये पाणी आहे. त्या क्षणी थांबायचं, "एक फेरी मारून बघू" नाही. त्याच दिवशी ऑइल बदलून, थोडं चालवून, पुन्हा बदलून, पुन्हा बघायचं, रंग स्वच्छ होईपर्यंत. खारं पाणी बेअरिंगवर रात्रभर राहिलं की बेअरिंग गेलंच समजा.

बॅटरी १२ व्होल्टची. बंद असताना मीटरवर १२.६ च्या आसपास दिसावं, १२.४ च्या खाली आलं की चार्जरला लावा. काढताना आधी काळी वायर, लावताना काळी शेवटी. टोकांना व्हॅसलिन किंवा ग्रीस. झिंकची वडी असेल तर अर्धी झिजली की बदला, आणि तिच्यावर रंग लावू नका. ती झिजण्यासाठीच असते, ती झिजते म्हणून पंपाचा धातू वाचतो. ग्रीस मात्र पाण्यात न धुतलं जाणारं मरीन ग्रीसच घ्या, ट्रकचं नको. ट्रॉलीच्या चाकांची बेअरिंगं दर महिन्याला बघा. ट्रॉली खाऱ्या पाण्यात बुडते आणि तिला कोणी धूत नाही.

उलटली तर? मागे स्टिकर असतो, कोणत्या बाजूने सरळ करायची त्याचा बाण दिलेला. त्याच बाजूने. उलट्या बाजूने फिरवलीत तर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात उतरतं. आणि बंद पडलेली मशीन दुसऱ्या होडीने ओढून आणताना चालण्यापेक्षा थोड्या जास्त वेगाने आणा, ताशी ८ किलोमीटरच्या आत. जोरात ओढलं की पाणी स्वतःच जेटमधून आत घुसतं. हे मच्छीमार बांधवांना आधीच सांगून ठेवा. ते मदतीला धावून येतात, पण आपल्या मशिनीची ही खोड त्यांना माहीत नसते.

पावसाळ्याची झोप

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, आणि समुद्र जेटस्कीलाही घेत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात मशीन वर आली पाहिजे. पहिल्या पावसाची वाट बघत बसू नका.

पेट्रोलचा विचार आधी करा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, आणि यामाहा व सी-डूच्या पुस्तकांत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि गोव्याच्या जुलैत हवेत ओलीशिवाय दुसरं काय असतं? ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल खाली वेगळं बसतं. म्हणून भरली टाकी तीन-चार महिने ठेवायच्या मी विरोधात आहे. मी पेट्रोल काढून गाडीत घालतो, शेवटच्या चार-पाच लिटरात फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं औषध) टाकतो आणि नदीत दहा मिनिटं चालवतो, म्हणजे ते पंपात, इंजेक्टरात पोहोचतं. मग लांब फ्लशिंग, नवं ऑइल (जुनं ऑइल आत ठेवून झोपवायची नाही, त्यात आम्ल धरलेलं असतं), स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडा फॉगिंग स्प्रे (आतून तेलाचा थर देणारा), बॅटरी काढून घरात, महिन्यातून एकदा चार्ज.

निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळू नका. आतल्या आत घाम येतो, सीटवर बुरशी, जोडांवर हिरवा गंज. छपराखाली ठेवा, वर सुती चादर पुरे. नाक थोडं वर, ड्रेन प्लग काढलेले. काढलेले प्लग मी किल्लीच्या दोरीलाच बांधतो. किल्ली घेतल्याशिवाय मशीन चालू होत नाही, आणि किल्ली घेतली की प्लग हातात येतात. प्लग न लावता पाण्यात घातलेल्या दोन मशिनी मी बुडताना पाहिल्या आहेत.

पावसाळ्यात उंदीर कोरडी जागा शोधतात आणि इंजिनचा खण त्यांना आवडतो. एक्झॉस्टच्या आणि जेटच्या तोंडात म्हापशाच्या बाजारात मिळणारी बारीक जाळी बसवा, त्याला लाल चिंधी बांधा म्हणजे काढायला विसरणार नाही. पंधरा दिवसांनी सीट उचलून बघत जा.

चतुर्थी झाली की हात लावायचा. लाल चिंधी काढा, वायरी कुरतडल्या आहेत का बघा, स्पार्क प्लग स्वच्छ, बॅटरी जोडा, ऑइलचा रंग बघा, ड्रेन प्लग घट्ट लावा. पहिली फेरी समुद्रात नको. नदीत, काठाकाठाने, अर्धा तास, हळू. परत येऊन सीट उघडा आणि तळाशी हात फिरवा. ओला लागला तर बोट जिभेला लावून बघा: गोडं असेल तर धुण्याचं उरलेलं पाणी, खारं असेल तर शाफ्टच्या सीलमधून येतंय, आणि मग दुसरी फेरी सील बदलल्यावरच.